खडूचे पाच गोल

"कॉफी आहे हो ताई. साधी कॉफी सांडली."

"कॉफी नाही ही."

"अहो, माझ्याच हातून सांडली. मला माहीत नाही होय?"

"तुम्हाला माहीत आहे म्हणून तर विचारतेय. कॉफीची कड अशी नसते. हा गंज आहे. शर्ट कुठल्या तरी गजाला घासलाय, तोही ओला असताना. आत शिरताना घासला की बाहेर पडताना, ते सांगू नका. मला फक्त औषध कुठलं लावायचं ते ठरवायचंय."

काउंटरपलीकडचा माणूस विमा कंपनीत कामाला होता. दिवसभर दुसऱ्यांचे खुलासे ऐकून घ्यायचे आणि मान हलवायची, ही त्याची नोकरी. आज त्याच्यावरच खुलाशाची पाळी आली आणि त्याला काही जमेना. त्याने मागे वळून रस्त्यावर पाहिलं, मग हळूच म्हणाला, "गंज."

"मग उद्या संध्याकाळी न्या."

तिने कानावरचा निळा खडू काढला, बाहीवरच्या डागाभोवती एक गोल ओढला आणि शर्ट मागच्या खोलीत नेला. उंच स्टुलावर बसलेल्या सासूबाईंनी पावती फाडली, नंबराची चिठ्ठी टाचणीने लावायच्या आधीच शर्ट आत गेलाय हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी गिऱ्हाइकाकडे असं पाहिलं, जणू चूक त्याची होती.

तिला सगळे डागवाली म्हणतात. तोंडावर ताई, माघारी डागवाली. तिची काही हरकत नाही. ते दुकान लाँड्रीचं आहे, पण लाँड्र्या त्या रस्त्यावर चार आहेत. लोक दोन चौक ओलांडून इथे येतात ते डागवालीसाठी. शाई, रक्त, तेल, लिपस्टिक, औषधं, डांबर, सगळं तिच्या हाताखालून गेलंय. डाग बघून ती पदार्थ सांगते, किती दिवसांचा ते सांगते, आणि घरात त्यावर आधी काय काय चोळून झालंय तेही सांगते. लोक डॉक्टरशी बोलतील त्यापेक्षा जास्त खोटं तिच्याशी बोलतात. तिला त्याचा राग येत नाही. खोटं बोलणारा माणूस डाग दाखवताना बोट नेमकं डागावर ठेवत नाही, जरा बाजूला ठेवतो, एवढंच ती म्हणते.

दुकान लांबट आहे. पुढे काउंटर, तिथे सासूबाई. मध्ये इस्त्रीचं टेबल, तिथे नवरा. मागे एक खोली, त्यात दोन सिमेंटचे हौद, बाटल्यांची फळी, कपडे वाळत घालायची आडवी नळी आणि बोळात उघडणारी खिडकी. मागची खोली तिची. तिघं सकाळी आठपासून एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असतात आणि गरजेपुरतं बोलतात. बाकीचं काम खडू करतो. खडूचा गोल म्हणजे डाग. ज्याचे हात रिकामे असतील त्याने गोल दिसला की डाग काढायला घ्यायचा. कुणाचा, कशाचा, कधीचा, काही विचारायचं नाही. हा नियम सासऱ्यांनी घातला, ते गेल्यावरही चालू राहिला आणि एकोणीस वर्षांत त्यात एकदाही चूक झाली नाही.

चूक झाली होती ती इस्त्रीची, आणि ती तिची. लग्न होऊन आली त्या पहिल्याच महिन्यात नवरा जेवायला बसला असताना तिने मदत म्हणून कुणाची तरी करडी पँट इस्त्रीला घेतली आणि पार्श्वभागावर इस्त्रीचा अख्खा तळ उमटवला. टोकापासून टाचेपर्यंत, स्वच्छ, बोटीसारखा. नवऱ्याने आयुष्यात एकही कपडा जाळलेला नव्हता, आजही नाही. त्याने गिऱ्हाइकाला नवी पँट आणून दिली आणि जळकी पँट टेबलावरच्या भिंतीला खिळ्यावर टांगली. ती अजून तिथेच आहे. त्या दिवसापासून इस्त्रीला तिचा हात लागलेला नाही. डाग काढता येतो. जळलं ते डागात मोजत नाहीत, ते कापडच गेलेलं असतं. दुकानात जळण्याचं नावही कुणी घेत नाही.

तर अशा बाईचा चित्राशी संबंध यायचं कारण नव्हतं. तो आणला मुलीने. मुलगी दुसऱ्या गावी नर्सिंगचं शिकते. आई दिवसातून चार वेळा फोन करायची, जेवलीस का, झोपलीस का, पंखा चालू आहे का. मुलगी सुटीत आली तेव्हा तिने आईचा फोन घेतला आणि आईला एका ग्रुपमध्ये घालून टाकलं. ग्रुपचं नाव 'पंधरवड्याचं चित्र'. "यात गुंतव जीव," असं म्हणाली आणि बसमध्ये बसली.

ग्रुप चालवतात निवृत्त झालेल्या एक चित्रकलेच्या मॅडम. माणसं एकशे चाळीस. महिन्यातून दोन विषय येतात, विषयाबरोबर माध्यम येतं, आणि ठरल्या दिवशी दुपारी बाराच्या आत चित्राचा फोटो टाकायचा. मॅडमचे नियम तीन. काम स्वतःच्या हाताचं हवं. वेळ म्हणजे वेळ. आणि चित्राखाली स्पष्टीकरण लिहायचं नाही. लिहिलं तर मॅडम ते पुसायला लावतात, नाही पुसलं तर माणूसच पुसतात.

पहिला विषय आला 'पहाट', माध्यम कोळसा. तिने कोळशाने एक खिडकी काढली आणि हात धुऊन मोकळी झाली. मॅडमनी खाली लिहिलं, "पाहिलं." तिला वाटलं हे कौतुक आहे. पुढे कळलं, मॅडम सगळ्यांनाच "पाहिलं" म्हणतात. त्याच्या वरची पायरी "बरं" ही होती, आणि तिथवर पोचलेली माणसं ग्रुपमध्ये जरा छाती पुढे काढून वावरत.

'मौन' आला, माध्यम पांढऱ्यावर पांढरं. तिने पांढऱ्या कापडावर घट्ट खळीने एक बंद तोंड काढलं. फोटोत काहीच दिसेना. लोक बोटांनी फोटो मोठा करून करून दमले. एकाने विचारलं, माझा फोन जुना झाला म्हणून दिसत नाही का? 'समुद्र' आला, माध्यम टाकाऊ वस्तू. तिने मशीनच्या जाळीत साठलेल्या लोकरीच्या भुग्याच्या लाटा रचल्या, सगळ्या करड्या-निळ्या. सासूबाईंना शिंक आली आणि निम्मा समुद्र हौदात गेला. दुसरी शिंक यायच्या आत तिने उरलेल्याचा फोटो काढला. 'आठवण' ला, माध्यम दोरा असताना, कुणी न नेलेल्या कपड्यांची सुटी बटणं ओळीने शिवली. 'प्रवास' ला बूट पॉलिश होतं, ते तिच्या नखांतून आठवडाभर गेलं नाही आणि डागवालीचीच बोटं काळी म्हणून गिऱ्हाइकं तिच्या हातांकडे बघत राहिली.

सहा-सात महिन्यांनी केव्हातरी तिच्या डोक्यात आलं की रंग आणायला बाजारात जायची गरजच नाही. जे आपण दिवसभर काढतो तेच घालायचं. कुठला डाग वाळल्यावर कडेला गडद होतो, कुठला उन्हात दोन दिवसांत उडतो, गंजाच्या पाण्यावर चहा टाकला की कसा काळाभोर होतो, खळ घातलेल्या कापडावर आयोडीन पडलं की कसं निळं फुटतं, हे तिच्याइतकं त्या एकशे चाळिसांत कुणालाच ठाऊक नव्हतं. काढायचं माहीत असलं की घालणं काय, उलटं मोजायचं. त्यानंतर तिला पहिलं "बरं" मिळालं. तिने ते नवऱ्याला दाखवलं. नवरा म्हणाला, "चांगलंय तुझं ते." तो त्या सगळ्याला 'तुझं ते' म्हणतो. विरोध नाही, चौकशी नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. वर्षात चित्रं होतात चोवीस. जो एकही न चुकवता चोवीस पुरी करतो त्याला पुढच्या वर्षाचा पहिला विषय द्यायचा मान. गेल्या वर्षी एका बँकेतल्या कॅशिअरने चोवीस पुरी केली आणि विषय दिला, 'अथांग'. एकशे चाळीस माणसं पंधरा दिवस अथांगापुढे बसून राहिली. तिने वरून दिसणारी पाण्याची बादली काढली. मॅडमनी लिहिलं, "बादली पाहिली."

त्या वर्षी तीही तेविसापर्यंत आली होती. तेविसाव्याच्या दिवशी एका हॉटेलच्या शंभर टेबलक्लॉथवर कुणीतरी सूप उलटून ठेवलं आणि बारा कधी वाजून गेले ते तिला कळलंच नाही. तेव्हापासून तिने एक विषय मनात धरून ठेवला होता. कुणाला सांगितला नव्हता, मुलीलाही नाही. विषय होता, 'कॉलरची आतली बाजू'. त्यात तिला काही मोठं सांगायचं होतं अशातला भाग नाही. पहाट बघितली, मौन बघितलं, अथांग बघितलं. माणसं रोज गळ्यात घालून फिरतात त्या कॉलरच्या आत काय आहे ते एकदा बघा म्हणावं, एवढंच. एकोणीस वर्षं ती ते एकटीच बघत होती.

या वर्षी तेवीस झाली होती. तेराव्याला घाईत कागदावर एक मांजर काढून पाठवलं होतं, त्याची तिला अजून लाज वाटत होती, पण मोजणीत ते धरलं गेलं. बाकीचे एकेक करून गळाले होते. चोविसाव्याचा विषय होता 'वाट पाहणं', माध्यम मोकळं. शेवटच्या चित्राला मॅडमची एक अट जास्तीची असे. आठवडाभर आधी अर्धवट चित्राचा फोटो टाकायचा आणि मग तेच चित्र पुरं करायचं. ऐनवेळी मांजरं येऊ नयेत म्हणून.

तिने बंद पडलेल्या एका खाणावळीचा सुती टेबलक्लॉथ घेतला, न्यायला कुणी आलंच नव्हतं. त्यावर स्वतःच्याच काउंटरपुढची रांग काढली. पाच माणसं, काखेत गाठोडी. कपडे चहाचे, सावल्या गंजाच्या, गाठोडी बिटाची आणि शाईची. पाचवा होता कोटवाला. त्याने सहा वर्षांपूर्वी एक भारी कोट धुवायला टाकला आणि परत आलाच नाही. कोट अजून प्लॅस्टिकमध्ये घालून कोपऱ्यात लटकतोय, आणि सासूबाई दर महिन्याला त्याच्यावरची धूळ पुसतात. चेहरे तिने शेवटी ठेवले होते. चेहऱ्याला हात थंड असावा लागतो, असं तिचं म्हणणं.

तो आजचा दिवस. विमावाल्याचा शर्ट भिजत घालून तिने टेबलक्लॉथ नळीवर पसरला. साडेनऊ झाले होते. पाच चेहरे, तासाभराचं काम, वेळ भरपूर. चेहरे कुठे, केवढे येतात ते आधी आखून घ्यावं म्हणून तिने कानावरचा खडू काढला आणि पाच जागी पाच गोल ओढले.

तेवढ्यात दाताच्या डॉक्टरांचा फोन आला. अॅप्रन लगेच हवे होते, पहिला पेशंट खुर्चीत तोंड उघडून बसला होता आणि डॉक्टर बनियनवर. अॅप्रन पोचवायला म्हणून ती गेली. तिथे डॉक्टरांनी एका अॅप्रनचा बाकी राहिलेला पिवळा ठिपका दाखवला, त्यावर वाद झाला, तो ठिपका त्यांच्याच औषधाचा आहे हे तिने त्यांची बाटली उघडून त्यांनाच हुंगायला लावून सिद्ध केलं, आणि परत यायला अकरा वाजले.

नवरा मागच्या खोलीत उभा होता. हात पुसत होता. चेहऱ्यावर समाधान.

"काढले गं."

"काय काढले?"

"पाचही. दुसरा लई चिवट होता. पण काढला."

तिने नळीकडे पाहिलं. रांग तशीच उभी होती. चहाचे कपडे, गंजाच्या सावल्या, गाठोडी. फक्त चेहऱ्यांच्या जागी पाच पांढरेशुभ्र गोल होते. चित्रातल्या मागच्या भिंतीचा चहाचा फिका हात तिने चेहऱ्यांखालूनही फिरवला होता, तो नेमका गोलांपुरता साफ झाला होता. कडा अशा नेटक्या की बाहेर एक थेंब ओघळलेला नाही. एकोणीस वर्षांत तिला स्वतःला इतकं चोख काम दोन-तीनदाच जमलं असेल.

"अहो, हे चित्र आहे."

"कुठंय चित्र?"

"हेच. हे सगळं."

नवरा दोन पावलं मागे सरला. मग अजून एक सरला. टेबलक्लॉथ त्याने पहिल्यांदाच लांबून पाहिला असावा.

"गोल पाचच होते," तो म्हणाला. "बाकीचं डिझाइन असेल म्हटलं."

गोल म्हणजे डाग. गोल तिनेच काढले होते. नवऱ्याचं काही चुकलं नव्हतं, आणि हेच तिला सहन होईना. चुकलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

"काय झालं?" पुढून सासूबाईंनी विचारलं.

"यांनी माझे चेहरे धुतले."

"चांगले धुतलेत का?"

"चांगले धुतलेत."

"मग?"

तिने बाटली उघडली आणि चहाचा अर्क ब्रशवर घेतला. अजून पाऊण तास होता. पहिल्या गोलावर ब्रश टेकवला. अर्क कापडावर बसेचना. थेंब झाला, घरंगळला आणि खाली हौदात पडला. तिने गंजाचं पाणी घेतलं. तेही घरंगळलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"ते नवीन औषध मारलंय वर," नवरा म्हणाला. आवाज जरा खाली आला होता. "डाग न धरणारं. तो विकायला आलेला माणूस डबा ठेवून गेला होता ना. म्हटलं इतकं छान झालंय तर... आता त्याच्यावर काहीही सांडलं तरी धरायचं नाही."

"सगळीकडे मारलंत?"

"अख्ख्यावर. फुकटच होतं."

ते औषध काढायला गरम पाण्याची तीन धुणी लागतात. पहिल्याच धुण्यात अख्खी रांग गटारात गेली असती. दोऱ्याने चेहरे भरायचे तर एकेकाला दीड तास. पेन्सिल त्या गुळगुळीत कापडावर नुसती सरकत होती. ती हौदाच्या कठड्यावर बसली. नवरा तिच्यापुढे उभा राहिला, मग त्यालाही अवघडल्यासारखं झालं आणि तो समोरच्या कठड्यावर बसला.

"असंच पाठव ना," तो म्हणाला. "तोंडं नाहीत म्हणून काय झालं? आजकाल तसंही काढतात."

"पांढरं तुम्ही केलंय. काम स्वतःच्या हाताचं लागतं."

"त्यांना कसं कळणार?"

"मला कळतंय ना."

"एखादं मांजर काढ कागदावर," सासूबाई पुढून म्हणाल्या. त्यांना मांजर आवडलं होतं.

"मांजर झालंय एकदा, आई. आणि ते चालतही नाही. हेच पुरं करायला हवं."

"पुढच्या वर्षी कर मग."

"गेल्या वर्षीही तुम्ही हेच म्हणाला होता."

पुढे कुणी गिऱ्हाईक आलं, सासूबाईंनी पावती फाडली, गिऱ्हाईक गेलं. घड्याळात अकरा वाजून पंचवीस मिनिटं झाली. मुलीला फोन लावावा असं तिच्या मनात आलं आणि तिने लावला नाही. वर्षभराची तेवीस चित्रं, नखांतलं पॉलिश, शिंकेत गेलेला समुद्र, सगळं पाच पांढऱ्या ठिपक्यांनी खाल्लं होतं, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा कुणीतरी 'अनंत' नाही तर 'अव्यक्त' देणार.

तिने वर पाहिलं. दारातून मधली भिंत दिसत होती. भिंतीवर खिळा, खिळ्यावर करडी पँट. पँटवर तो बोटीसारखा जळका तळ.

त्यावर कुठलंच औषध चालत नाही. ना काढायचं, ना धरू नये म्हणून लावायचं.

"अहो," ती म्हणाली, "ती बाहीची छोटी इस्त्री तापवा."

नवऱ्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग ती जिकडे बघत होती तिकडे. त्याचा चेहरा असा झाला की कुणी म्हणावं याच्याच अंगावर इस्त्री ठेवलीय.

"नाही हं," तो म्हणाला.

"तुम्ही नका करू. मीच करणार आहे."

"दुकानात नाही जाळायचं काही. बाबा असते तर..."

"बाबांनीच गोलाचा नियम घातला होता."

नवऱ्याने जाऊन छोट्या इस्त्रीची पिन लावली. इस्त्री तापेपर्यंत त्याने टेबलावरची चादर तीनदा सारखी केली. टेबलक्लॉथ त्यावर पसरला. खिडकी उघडली. आणि पुढे जाऊन आईला म्हणाला, "आई, जरा वास येईल."

"कशाचा?"

"येईल जरा."

तिने इस्त्री हातात घेतली. एकोणीस वर्षांनी. वजन विसरली होती, मनगट खाली गेलं.

"किती वेळ ठेवू?"

नवरा दाराकडे तोंड करून उभा होता. "मला काय विचारतेस? मी कधी जाळलंय?"

"म्हणूनच विचारतेय. कुठवर जळत नाही ते तुम्हालाच माहीत आहे."

त्याने न वळता बोटांवर काही मोजलं. हिशेब करत असावा. "सुती आहे. जाड. औषध मारलेलं." मग म्हणाला, "सहा मोजलेस तर वाळक्या गवताचा रंग. नऊला बिस्कीट. बाराच्या पुढं जाऊ नको. टोक टेकव, तळ नाही. आणि दाबू नको गं, हात हलका ठेव, ती जड असते."

"मोजा तुम्ही."

"एक," नवरा दाराकडे बघून म्हणाला. "दोन."

पहिली होती शाळेतली शिपाईबाई, चपट्या नाकाची. तिचा चेहरा तिने सहाच्या रंगात केला, टोकाने आठ ठिकाणी टेकवून. डोळे, नाकाची सावली, मिटलेलं तोंड. औषधाचा वास आधी आला, मग कापडाचा. नवऱ्याच्या मानेवरची शीर फुगली, पण त्याचं मोजणं थांबलं नाही. दुसरा होता टायरवाला, त्याला नऊ लागले. चिवट डाग त्याच्याच जागी होता. तिसरी आणि चौथी मायलेकी, त्यांना एकच रंग, फक्त मुलीचं तोंड उघडं, कारण ती काउंटरवर कधी गप्प नसते. तिचा हात आता बसला होता. इस्त्री टेकवायची, उचलायची, शेजारच्या फडक्याला पुसायची. कपाळावरून घाम गळत होता आणि कापडावर पडून घरंगळत होता.

"पाच. सहा. सात," नवरा मोजत होता.

कोटवाल्याचा चेहरा आठवेना. सहा वर्षं झाली होती. मिशा होत्या की नव्हत्या?

"आई, कोटवाल्याला मिशा होत्या का?"

"होत्या," सासूबाई म्हणाल्या. "नाही, थांब. तो भाऊ होता त्याचा."

"अकरा. बारा," नवरा म्हणाला. "बारा! अगं, बारा!"

इस्त्री टेकलेलीच होती. तिने उचलली तेव्हा खाली काळी कड आणि मध्ये भोक होतं, रुपयाएवढं. त्यातून टेबलाची चादर दिसत होती. नवरा वळला. त्याने पाहिलं. त्याने डोळे मिटले आणि पिन काढली.

अकरा वाजून त्रेपन्न मिनिटं. तिने क्लॉथ नळीवर टाकला, खिडकीचा उजेड मागून येत होता आणि भोकातून सरळ फोनमध्ये घुसत होता. बाजू बदलायला वेळ नव्हता. तिने फोटो काढला आणि टाकला. फोनवरचं गोल चक्र फिरत राहिलं. तिघंही बघत राहिली, सासूबाईसुद्धा स्टुलावरून उतरून आल्या होत्या. अकरा सत्तावन्नला चक्र थांबलं.

सात जणांनी बदाम टाकले. ते सातजण सगळ्यांच्याच चित्राला बदाम टाकतात. एकाने विचारलं, हे कसं केलं? तिने उत्तर लिहिलं नाही, स्पष्टीकरण चालत नाही. बारा वाजून चार मिनिटांनी मॅडमचा निरोप आला.

"पाहिलं. पाचव्याला भोक आहे. चोवीस झाली. विषय संध्याकाळपर्यंत कळवा."

तिने तो दोनदा वाचला. नवऱ्याने तिच्या खांद्यावरून एकदा वाचला.

"बरं नाही म्हणाल्या," तो म्हणाला.

"नाही."

"भोक नसतं पडलं तर म्हणाल्या असत्या. मी बाराला ओरडलो होतो."

"ऐकलं मी."

सासूबाई टेबलक्लॉथजवळ गेल्या. भोकात बोट घालून बघितलं. मग कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकमधल्या कोटाकडे पाहिलं.

"तो तसाही यायचा नाही," म्हणाल्या आणि स्टुलावर जाऊन बसल्या.

नवऱ्याने खिडकी अजून थोडी ढकलली. टेबलावरची चादर बदलली. छोट्या इस्त्रीचा तळ घासून घासून आरशासारखा केला. मग टेबलक्लॉथ घेऊन घडी घालायला लागला, अर्धी घालून थांबला, आणि दुसरा खिळा शोधायला हातोडीचा खण उघडला. पँटच्या शेजारी जागा होती.

पुढून ओळखीचा आवाज आला. विमावाला परत आला होता. दारातच थबकला आणि नाक वर करून म्हणाला, "काही जळलं का?"

"सूनबाईंचं चित्र," सासूबाई म्हणाल्या. "तुमचा शर्ट शाबूत आहे."

"ताई, एक विनंती होती." तो काउंटरवर वाकला. "घरून कुणी विचारायला आलं, तर कॉफी म्हणाल का?"

"मी काहीच म्हणत नाही. डाग गेला की तो कशाचा होता हे दुकानातून बाहेर जात नाही."

"उपकार झाले."

"जरा वळा."

"अं?"

"वळा हो. मान खाली."

विमावाला गोंधळून वळला. तिने एका बोटाने त्याच्या अंगातल्या शर्टाची कॉलर बाहेर ओढली, आत पाहिलं आणि सोडली.

"हाही आणून द्या उद्या. कधी बघितलीत आतून?"

"कॉलर? नाही बुवा."

"बघाल," ती म्हणाली. खिशातून फोन काढून तिने तीन शब्द टाइप केले, पाठवले आणि फोन बाटल्यांच्या फळीवर पालथा ठेवला. तो लगेच गुरगुरायला लागला, कुणीतरी विचारत असणार म्हणजे काय, कुठली बाजू. विमावाल्याचा शर्ट हौदात अडीच तास भिजत होता आणि गंजाला दोनाच्या वर ठेवलं की कड पिवळी पडते. तिने तो बाहेर काढून पिळला, बाही पाटावर ताणली, निळ्या गोलाच्या आत औषधाचा थेंब टाकला आणि ब्रशने बाहेरून आत, बाहेरून आत घासायला लागली.